१/७२ मधलं एस.ई.५ए : तारा कशा ओढायच्या आणि कशासाठी

कागदी_विमान, सांगली

सध्या टेबलावर इंद्रलाल रॉय यांचं एस.ई.५ए आहे, पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश दुपंखी लढाऊ विमान, १/७२ मापात. खरं विमान पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ८.११ मीटर आणि लांबीला ६.३८ मीटर. मॉडेल रुंदीला सव्वाअकरा सेंटीमीटर, लांबीला नऊ सेंटीमीटरसुद्धा नाही. तळहातावर मावतं. भाग थोडेच आहेत, पण पंखांमधल्या दांड्या काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक, आणि सूचनांचा कागद तारांपाशी आला की हात वर करतो. एक छोटं चित्र, त्यात चार रेघा, संपलं. या धाग्यात मुख्यतः त्या रेघांबद्दल लिहितोय. मराठीत हे कुठेतरी एका जागी लिहिलेलं असावं असं फार वाटतं.

आधी हेच विमान का ते सांगतो. रॉय यांचा जन्म कलकत्त्याचा, २ डिसेंबर १८९८. शाळा लंडनला. १९१७ मध्ये ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या विमान विभागात गेले. त्याच वर्षी डिसेंबरात विमान कोसळून जबर जखमी झाले आणि उडायला अपात्र ठरले. तरी नेटाने परत आले आणि जून १९१८ मध्ये ४० स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. जुलैत १३ दिवसांत १० विजय नावावर, आणि २२ जुलै १९१८ ला फ्रान्समधल्या कार्व्हँच्या आसपास फोकर विमानांशी लढताना गेले. वय १९. मरणोत्तर डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं. पहिले भारतीय 'एस', म्हणजे पाच किंवा जास्त हवाई विजय मिळवणारे वैमानिक, ते हेच. १९९८ मध्ये आपल्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. आपल्याकडे स्पिटफायर सगळ्यांना ठाऊक असतं आणि रॉय यांचं नाव बऱ्याच जणांना सांगावं लागतं. शोकेसमध्ये हे विमान असलं की घरी येणारा प्रत्येकजण विचारतो, आणि मग सांगता येतं. मला ते फार मोलाचं वाटतं.

आता तारा. दुपंखी विमानाचा एकटा पंख पातळ आणि लवचिक असतो. आत लाकडाची चौकट, वर लिननचं कापड. वरचा पंख, खालचा पंख, मधल्या दांड्या आणि तिरक्या तारा मिळून एक पेटी तयार होते आणि ताकद त्या पेटीची असते. दांडी फक्त दाब सोसते, तार फक्त ओढ सोसते. एवढं डोक्यात बसलं की कुठली तार कुठून कुठे जाते हे पाठ करावं लागत नाही.

विमान हवेत असताना पंख वर उचलले जातात. ते वर दुमडू नयेत म्हणून एक तार खालच्या पंखाच्या मुळापासून तिरकी निघून बाहेरच्या दांडीच्या वरच्या टोकाला जाते. ही उडाणाची तार. विमान जमिनीवर असलं की उलट होतं, पंखांचं वजन खाली लोंबतं. मग वरच्या पंखाच्या मध्यापासून बाहेरच्या दांडीच्या खालच्या टोकाला जाणारी तार तो भार घेते. ही उतरण्याची तार. एस.ई.५ए ला उडाणाच्या तारा जोडीने आहेत आणि उतरण्याची एकेरी. कारण उघड आहे. घट्ट वळण घेताना पंखांवर वजनाच्या कितीतरी पट भार येतो आणि तो सगळा उडाणाच्या तारांवर जातो. शिवाय गोळी लागून एक तुटली तर दुसरी धरून ठेवते. जमिनीवर उभं राहताना तसला प्रसंग नसतो. तिसरा प्रकार पुढच्या-मागच्या दांड्यांमधल्या फुलीचा. पंख पुढून वर किंवा खाली पिळला जाऊ नये यासाठी ती फुली. मग राहतात नियंत्रणाच्या तारा. एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, चारही पंखांना आहेत, म्हणून त्यांच्याही तारा येतात.

हे सगळं कळल्यावर बांधणीचा क्रम आपोआप ठरतो:

भोकं सगळ्यात आधी, भाग फ्रेममध्ये (ज्या प्लास्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात) असतानाच. ०.३ मिलीमीटरचं ड्रिल हातात फिरवायच्या पकडीत धरून. खालच्या पंखाला आरपार, वरच्या पंखाला अर्ध्यापर्यंत. वरच्या पंखाचा पृष्ठभाग सगळ्यात जास्त दिसतो, तो फोडायचा नाही. ही ड्रिलं सोनारांची हत्यारं मिळतात तिथे मिळतात. सराफ कट्ट्याच्या बाजूला विचारा, चिमटेही तिथलेच उत्तम.

मग रंग. पंख सुटे असतानाच पूर्ण रंगवायचे आणि डिकलही (चिकटवायची छापील चिन्हं) तेव्हाच. तारा ओढल्यावर ब्रश आत जात नाही.

मग खालचा पंख धडाला, शेपटी, आणि वरच्या पंखासाठी साचा. साचा पुठ्ठ्याचा करतो. समोरून दिसणारा आराखडा मापात छापून पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि पंखांच्या वर जाणाऱ्या कोनाप्रमाणे खाचा कापायच्या. दोन्ही पंख त्यात बसवून मगच दांड्यांना गोंद लावायचा. मधल्या चार छोट्या दांड्या आधी, त्या पूर्ण वाळू द्यायच्या, रात्रभर. बाहेरच्या दांड्या दुसऱ्या दिवशी.

आणि शेवटी तारा, आतून बाहेर. धडाजवळच्या आधी, टोकाकडच्या नंतर.

फोटो रात्री टाकतो. कोणी १/७२ मध्ये तारा ओढल्या असतील तर काय वापरलंत ते जरूर लिहा.

कोरेगाव_फाटा

वाचतोय. दांडी दाब, तार ओढ हे फार सोपं करून सांगितलंत. फोटोंची वाट बघतो.

खुंटी_आणि_जवारी, मिरज

आमच्या घरात तीन पिढ्या सतारी आणि तानपुरे बनतात, त्यामुळे तारा म्हटल्यावर थांबलो. तुम्हाला पोलादी तार हवी असेल तर सतारमेकर गल्लीत नंबरवार मिळेल. मात्र तरफेची (सतारीच्या मुख्य तारांखालची) बारीक तारसुद्धा पाव मिलीमीटरच्या आसपास जाते. तुमच्या मापात बसेल का?

दुसरं, विचारल्याशिवाय सांगतो. तार ओढली की लाकूड वाकतं, कितीही पक्कं असो. आम्ही एक तार पूर्ण चढवून मग दुसरी घेत नाही. एक चढवली की सतारीची दांडी किंचित नमते आणि बाकीच्यांचा सूर उतरतो. म्हणून सगळ्या थोड्या थोड्या, फिरून फिरून चढवायच्या. तुमचा प्लास्टिकचा पंख तर त्याहून नाजूक. डावीकडची एक, उजवीकडची एक असं करा.

कागदी_विमान, सांगली

@खुंटी_आणि_जवारी, शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. एका बाजूच्या सगळ्या तारा ओढून मग दुसरी बाजू घेतली तर वरचा पंख समोरून तिरका दिसायला लागतो, आणि वाळल्यावर तो सरळ होत नाही. मी डावी-उजवी आलटून पालटूनच घेतो, पण त्याचं कारण तुम्ही जितकं नेमकं सांगितलंत तितकं कुठे वाचलं नव्हतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा जिल्ह्यातल्या सगळ्यांसारखा मलाही आनंद झाला होता. तुमच्या घराचाही त्यात वाटा आहे.

तारेच्या जाडीचं गणित असं. खरी तार ६ मिलीमीटर रुंद धरली तर ७२ ने भागून ०.०८ मिलीमीटर येते. म्हणजे माणसाच्या केसाइतकी. पाव मिलीमीटरची तार या मापात १८ मिलीमीटरचा दोर होईल. १/३२ च्या मोठ्या मॉडेलला मात्र ती शोभेल, तिथे मी नक्की गल्लीत येईन.

आणखी एक. त्या काळच्या ब्रिटिश विमानांच्या तारा गोल नव्हत्या, काप घेतला तर भिंगासारख्या चपट्या होत्या. गोल तार हवेला फार अडवते. चपटी, धार वाऱ्याच्या दिशेने ठेवलेली तार बरीच कमी अडवते. म्हणून समोरून पाहिलं तर तारा जवळजवळ दिसत नाहीत, बाजूने दिसतात. मॉडेल करताना हे लक्षात असलं की जाड धागा का खुपतो ते कळतं.

उसवण_शिवण

माझं माहेर मिरजेचं, सध्या विटा. शिवणकाम करते, विमानांतलं काही कळत नाही, पण केसाइतका धागा हवा म्हणालात म्हणून लिहिते. जुन्या लेगिंगचं किंवा स्टॉकिंगचं कापड उसवलं की आत लायक्राचा एकदम बारीक धागा मिळतो. रबरासारखा ताणतो आणि सोडला की जागेवर येतो. ताणून चिकटवला तर सैल पडणार नाही, आणि चुकून बोट लागलं तरी तुटणार नाही. रंग पांढरट असतो. काळ्या मार्करच्या टोकातून ओढून घेतला की रंगतो.

कागदी_विमान, सांगली

@उसवण_शिवण ताई, मनापासून आभार. परदेशात मॉडेलवाले हाच धागा रिळावर विकत घेतात आणि इथपर्यंत येईतो त्याची किंमत अंगावर येते. ताणणारा धागा वापरण्याचा मोठा फायदा म्हणजे पंखावर ओढ फारच कमी येते, त्यामुळे आधी बोललो तो पंख वाकण्याचा प्रश्नच हलका होतो. उडाणाच्या जोडीच्या तारांना तो वापरणार.

बाकीच्या तारांना मी फ्रेमचं प्लास्टिक ओढून वापरतो. त्याची रीत लिहितो, कारण ती हाताला बसायला वेळ लागतो पण पैसा लागत नाही. डब्यातल्या भागांची फ्रेम उरते, तिचा बोटभर लांब तुकडा घ्यायचा. निरांजनाची ज्योत वाऱ्यापासून आडोशाला ठेवायची. तुकडा ज्योतीत नाही, ज्योतीच्या वर दोन बोटं धरून सतत फिरवायचा. मध्यावर प्लास्टिक चकाकायला लागतं आणि मग किंचित लोंबतं. त्या क्षणी ज्योतीपासून बाजूला घ्यायचं, एक श्वास थांबायचं आणि मग दोन्ही हात सरळ लांब न्यायचे. लगेच ओढलं तर कोळिष्टकासारखं होऊन तुटतं, उशिरा ओढलं तर जाड राहतं. ओढून झाल्यावर ताणून धरूनच गार होऊ द्यायचं. हातभर धागा निघतो, त्याच्या मधला वीतभर भाग एकसारखा जाड असतो, तेवढाच ठेवायचा.

मग कर्कटकाने दोन भोकांमधलं अंतर घ्यायचं, तेवढा तुकडा ब्लेडने कापायचा, टोकांना फेविकॉलचा टिपका लावून चिमट्याने बसवायचा. इन्स्टंट गोंद इथे नको. त्याच्या वाफेने शेजारच्या रंगावर पांढरी छटा येते, शिवाय जागा बदलायला सवड मिळत नाही. फेविकॉल ओला असताना तार सरकवता येते आणि जास्तीचा पाण्याने पुसता येतो. तुकडा बसल्यावर किंचित ढिला वाटला तर पेटलेली उदबत्ती जवळ न्यायची, टेकवायची नाही. उष्णतेने धागा आक्रसतो आणि डोळ्यांदेखत ताठ होतो. हे पहिल्यांदा बघाल तेव्हा परत परत करावंसं वाटेल.

अजिंक्यतारा_पायथा, सातारा

चर्चा आवडली, पण एका गोष्टीला माझा विरोध आहे. १/७२ मध्ये सगळ्या तारा ओढूच नयेत. मी याच मापात बरीच दुपंखी केली आहेत. तुम्ही स्वतःच म्हणता की खऱ्या तारा समोरून जवळजवळ दिसत नाहीत. मग मॉडेलमध्ये जाळं कशाला? उडाणाच्या आणि उतरण्याच्या मुख्य तारा दाखवाव्यात, जोडीच्या जागी एकेरी घ्यावी आणि नियंत्रणाच्या तारा सोडून द्याव्यात. डोळ्याला विमान दिसलं पाहिजे, तारा नाही.

दुसरं, कापडाचं टेक्श्चर. मॉडेलच्या बऱ्याच डब्यांत पंखांच्या फासळ्या इतक्या उठवलेल्या असतात की मधलं कापड खोल पडल्यासारखं दिसतं. ते घासून टाकता की ठेवता?

कागदी_विमान, सांगली

@अजिंक्यतारा_पायथा, तुमच्या जुन्या फोटोंतून मी शिकलोय, त्यामुळे तुमचा विरोध गंभीरपणे घेतो.

कापडाबद्दल पूर्ण सहमत. लिननवर डोप (कापड ताठ करणारं लॅकरसारखं द्रव) लावला की ते आक्रसून ढोलकीसारखं ताठ होतं. खोल पडलेलं कापड म्हणजे नादुरुस्त विमान. ६०० च्या पॉलिश पेपरने पाणी लावून फासळ्या घासतो, नुसती जाणीव राहील इतक्या. प्रायमर मारला की उरलेली उंची पुरते.

नियंत्रणाच्या तारांबद्दलही तुमचं बरोबर असू शकतं. धागा जाड असेल तर सोडून देणं चांगलं. पण जोडीच्या जागी एकेरी घ्यायला मन तयार होत नाही. ती जोडी होती म्हणून एकोणीस वर्षांचा मुलगा त्या विमानाला घट्ट वळणात घालू शकत होता. पंखांमध्ये त्या दोन समांतर रेषा दिसल्या की मला तो भार दिसतो. ०.०८ मिलीमीटरचा धागा मिळत असेल तर दोन्ही रेषा बसतात आणि जाळंही होत नाही. धागा जाड असेल तर तुमचा नियम पाळावा, बारीक असेल तर माझा. एवढ्यावर जमतंय का बघा.

अजिंक्यतारा_पायथा, सातारा

जमतंय. धागा बारीक मिळाला तर जोडी मलाही मान्य.

धोम_धरण

दोन प्रश्न. नाकावरचा पंखा दोन पात्यांचा लावायचा की चार? आमच्या डब्यात दोन्ही आहेत. आणि वरचा रंग नक्की कुठला? कोणी हिरवट म्हणतं, कोणी चॉकलेटी.

कागदी_विमान, सांगली

पंखा इंजिनावर ठरतो. एस.ई.५ए ला २०० अश्वशक्तीचं गिअर असलेलं हिस्पानो-सुइझा होतं, त्याला सहसा चार पाती. नंतर वुल्झली व्हायपर आलं, थेट जोडणीचं, त्याला दोन पाती. गिअरमुळे पंख्याच्या दांड्याची उंची बदलते, रेडिएटरचं तोंडही वेगळं दिसतं. म्हणून पाती बदलायची तर नाकही बदलावं लागेल. ज्या विमानाचं मॉडेल करताय त्याचाच फोटो समोर ठेवा.

पंखा लाकडाच्या पट्ट्या एकमेकांवर चिकटवून कोरलेला असायचा. तळाला फिकट पिवळसर रंग द्या. वाळल्यावर कॅमलच्या ऑइल कलरमधला बर्न्ट सिएना अगदी थोडा स्पंजच्या तुकड्यावर घेऊन पात्याच्या लांबीच्या दिशेने ओढा. रेषा आपोआप येतात.

वरच्या रंगाचं नाव पीसी १०. कापड उन्हाने कुजू नये म्हणून डोपमध्ये रंगद्रव्य मिसळायचे, त्यात मुख्य पिवळी लोहमाती आणि थोडी काजळी. घटक पाहिले तर हिरवा रंग यात कुठेच नाही, पण पिवळ्यात काळा मिसळला की ऑलिव्हकडे झुकतो, आणि जुना झाला, वर वार्निश बसला की तपकिरीकडे जातो. म्हणून दोघेही बरोबर. मी ऑलिव्ह-तपकिरी घेतो आणि वरच्या पंखाला थोडा जास्त तपकिरी, ऊन त्यालाच जास्त लागतं. खालची बाजू नुसतं डोप लावलेलं लिनन, सायीच्या रंगाची. शुद्ध पांढरा नको.

धोम_धरण

आभारी आहे. चार पात्यांचा फोटो मिळाला, तोच करतो.

जुनी_पानं

रॉय यांच्याबद्दल एक भर. ४० स्क्वाड्रनमध्ये ते जॉर्ज मॅकेलरॉय यांच्या तुकडीत होते, आणि मॅकेलरॉय यांना त्याआधी मिक मॅनॉक या नामांकित ब्रिटिश वैमानिकाकडून शिकायला मिळालं होतं. मॅनॉकही पूर्वी याच स्क्वाड्रनमध्ये होते. रॉय २२ जुलैला गेले, मॅनॉक २६ ला, मॅकेलरॉय ३१ ला. दहा दिवसांत तिघं, तिघंही एस.ई.५ए वर. शोकेसमध्ये जागा असेल तर तीन विमानं शेजारी शेजारी ठेवा.

आणि त्याच युद्धातले भारतीय वैमानिक हरदित सिंग मलिक यांनाही विसरू नका. ते २८ स्क्वाड्रनमधून सॉपविथ कॅमल हे दुपंखी लढाऊ विमान उडवत. युद्धातून वाचले आणि स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. कॅमलचे १/७२ चे डबे एस.ई.५ए पेक्षा सहज मिळतात.

कागदी_विमान, सांगली

@जुनी_पानं, तारखा अशा एकाखाली एक ठेवून मी कधी पाहिल्या नव्हत्या. तीन विमानांची कल्पना मनात घर करून बसली. पुढचं कॅमल मलिक यांचंच.

बामणोली_बोट

आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना पाणी सुटतं. लॅकर मारलं की पांढरट होतं. पावसाळ्यात रंगकाम बंदच ठेवायचं का?

अजिंक्यतारा_पायथा, सातारा

याचं उत्तर मी देतो, सातारा-महाबळेश्वरच्या पावसात मॉडेलं करतोय. लॅकरमधला थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते, तोच पांढरेपणा. पावसाळ्यात ॲक्रिलिक घ्या. लॅकर मारायचंच असेल तर उशिरा उडणारा थिनर वापरा आणि पातळ थर द्या. पांढरं झालेलं बहुतेक वेळा वाचतं. कोरड्या दिवशी त्याच थिनरचा हलका थर मारला की निवळतं. आणि पावसाळा भोकं पाडायला, फासळ्या घासायला, साचे कापायला ठेवा. रंग दिवाळीनंतर.

उसवण_शिवण

मुलगा बारा वर्षांचा आहे, हा धागा त्याने माझ्या मोबाइलवर पूर्ण वाचला आणि आता दुपंखी विमान पाहिजे म्हणतो. एस.ई.५ए लगेच द्यावं का?

कागदी_विमान, सांगली

ताई, पहिलं म्हणून टायगर मॉथ द्या. एअरफिक्सचा नव्या साच्याचा १/७२ चा डबा आहे, भाग नीट बसतात. तारा कमी, आणि खालच्याच पंखाला एलेरॉन असल्याने नियंत्रणाच्या तारांचा गुंता नाही. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध आहे, ती त्याला शोधायला सांगा. १९३१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे विमान. दुसऱ्या महायुद्धात आपल्या हवाई दलाचे कितीतरी वैमानिक यावरच पहिलं उड्डाण शिकले आणि हवाई दलाने एक टायगर मॉथ दुरुस्त करून २०१२ पासून पुन्हा उडवलं आहे. त्यामुळे पिवळ्या रंगातलं आपलं विमान म्हणून करता येईल.

त्याच्याकडून तारा पहिल्या वेळी लायक्राच्याच ओढून घ्या, तुम्ही सांगितलात तोच धागा. ज्योतीवर प्लास्टिक ओढायचं काम मोठ्या माणसाच्या देखतच, आणि खिडकी उघडी ठेवून. ब्लेडच्या आधी नेलकटर द्या, फ्रेममधून भाग सोडवायला तो पुरतो. ०.३ चं ड्रिल त्याच्या हातात लगेच मोडेल, ०.५ ने सुरुवात करू दे.

पुठ्ठ्याच्या साच्याचा आराखडा मी टायगर मॉथच्या मापात काढून इथेच टाकतो. त्याचे पंख मागे झुकलेले आहेत, म्हणून वरून बघायचा दुसरा साचाही लागेल. दोन्ही ए-फोर कागदावर मावतात. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर माप बदलतं. छापल्यावर पट्टीने पंखाची रुंदी मोजा, १२४ मिलीमीटर आली पाहिजे.